जाळ्याचं बाशिंग

वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की माणसं पहिला प्रश्न विचारतात, "वाघ पाहिलात का?" पेण-रोह्याच्या डोंगरात वाघ कुठला? बिबट्या पाहिला, तोही बहुतेक वेळा पाठमोरा. एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग मी घाईघाईने सांबराच्या लग्नाची गोष्ट काढतो आणि माणसं पुन्हा सावरून बसतात. दिवाळी अंकासाठी लिहा असा आग्रह झाला तेव्हा घरच्यांनी एकमुखाने सांगितलं, तीच लिहा, म्हणजे आम्हाला परत ऐकावी लागणार नाही.

आमचं घर शिकाऱ्याचं. कुंडलिकेकाठच्या आमच्या मोहल्ल्यात आजोबांच्या बंदुकीचा दबदबा होता. परवान्याची बंदूक, आणि तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. पुढे कायदा आला, बंदूक गेली, भिंतीवरची सांबरशिंगं सरकारजमा झाली आणि भिंतीवर नुसते खिळे उरले. त्या खिळ्यांना आई छत्र्या अडकवायची. माझे भाऊ दुबईला गेले आणि मी फॉरेस्ट गार्ड झालो, तेव्हा सगळा मोहल्ला हसला. मांजराच्या नातवाला उंदरांची राखण दिली म्हणाले. एकटे आजोबा खूश होते.

"बरं झालं," म्हणाले, "माला येतं ते कुनाला तरी देता येल."

त्यांना काय येत होतं? सांबर. सांबराचा नर एरवी फार शहाणा. एकटा राहतो, वाऱ्याला नाक लावून चालतो, माणसाचा वास आला की असा नाहीसा होतो की आपण पाहिलं ते खरं की भास, असं वाटावं. पण पाऊस सरला, शिंगं टणक झाली की तो माजावर येतो आणि सगळं शहाणपण गहाण पडतं. नवखा शिकारी समजतो की माज म्हणजे एकच गोष्ट. आजोबा म्हणत, माजाचे तीन काळ, आणि तिन्ही काळांत शिकाऱ्याने वेगळं बसायचं. "चढत्या माजात झाड बघ, भरल्या माजात मादी बघ, उतरत्या माजात पोट बघ." माज चढताना नर एकटाच फिरतो आणि ठरावीक झाडांवर शिंगं घासतो, ते झाड सापडलं की तो सापडला. माज भरात आला की झाडं विसरतो आणि माद्यांच्या मागे लागतो. तेव्हा त्याला शोधत हिंडू नये, माद्यांचा कळप धरून बसावं, तो आपल्या पायाने येतो. या दिवसांत त्याला खाण्याची शुद्ध नसते. मग माज उतरतो, नर बरगड्या दाखवत परत येतो, आणि तेव्हा त्याला बायको दिसत नाही, फक्त जेवण दिसतं. आजोबा हे सांगत तेव्हा आजी आतून म्हणायची, "घरच्या अनुभवावरनं सांगतंय बघ."

ही विद्या मला नोकरीत उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. आमचं काम म्हणजे वणवा विझवणं, चोरटी तोड पकडणं, विहिरीत पडलेलं भेकर बाहेर काढणं आणि फोन घेणं. फोन घेणं हे सगळ्यात अवघड. डोंगरालगत बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनी मला सकाळीच फोन करून सांगितलं होतं, "तुमचा बिबट्या रात्रभर कुत्र्यासारखा भुंकतो, त्याला गप्प करा." मी म्हटलं, "साहेब, ते भेकर आहे. भुंकतं म्हणूनच ते बिबट्याला सापडत नाही." ते म्हणाले, "मग भेकराला गप्प करा." असल्या माणसांशी बोलून बोलून माझा आवाज इतका मवाळ झाला की बायकोला संशय यायचा, मी काहीतरी लपवतोय.

माझा नोकरीतला शेवटचा हिवाळा सुरू होत होता तेव्हा गागोद्याच्या बाजूने द्वारकाबाईंचा फोन आला. डोंगराच्या अगदी पायथ्याला त्यांचं शेत. नवरा गेल्यावर बाई एकटीने भात आणि भातानंतर वाल काढायच्या. रानडुकरांना शिव्या देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्या दिवशी आवाज बसला होता.

"भाई, लवकर या. सांबर माजं जालं घेऊन पलालं."

जाळं कसलं ते तिथे गेल्यावर कळलं. भात कापणीला आलं की डुकरं शेतात घुसतात. त्यांना अडवायला बाईंनी खाडीकाठच्या ओळखीच्या कोळणीकडून मासेमारीचं जुनं जाळं आणून कुंपणासारखं बांधलं होतं. आमच्याकडे पुष्कळ जण बांधतात. पहाटे सांबराचा मोठा नर आला आणि त्या जाळ्यावर शिंगं घासू लागला. नायलॉनचं जाळं ते, तुटतंय कशाला! शिंगांत गुरफटलं, तो बिथरला, खुंट्या उपटल्या आणि जाळ्याचं भेंडोळं डोक्यावर घेऊन डोंगरात गेला. जाळं पाण्यावर तरंगत ठेवायला दोरीला प्लास्टिकची पोकळ बुचं असतात. ती दोन्ही बाजूंनी त्याच्या गालांवर लोंबत होती.

"मुंडावल्या बांदल्यागत दिसत व्हता मेला," बाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाई, खरं सांगा, तो मेला तर माज्यावर केस व्हईल ना?"

खोटं कसं सांगू? जाळ्यात अडकून जंगली जनावर मेलं तर गुन्हा नोंदवावा लागतो, आणि तो नोंदवणारा मीच. मी म्हटलं, "मरू द्यायचा नाही ना, मग केस कुठली?"

"केसचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "हातातोंडाशी आलेलं भात डुकरांनी न्हेलं तर मी शिव्या देन. पन हा माज्या जाल्यात मेला तर माजंच भात माज्या घशाखाली उतरायचं नाय."

जाळ्याने तो लगेच मरणार नव्हता. तोंड मोकळं होतं, डोळेही. पण मागे एक लांब दोरी फरफटत होती. ती झुडपात अडकली तर तो जागच्या जागी उपाशी राहिला असता. त्याहून वाईट म्हणजे, माजाच्या दिवसांत नर एकमेकांशी झुंजतात. याने डोक्यावरच्या जाळ्यासकट दुसऱ्या नराला शिंग लावलं, तर दोघांची शिंगं एकमेकांत कायमची गुंतली असती. मग दोन सांबरं गेली. म्हणजे त्याला पकडून, बेशुद्ध करून, जाळं कापायचं, आणि तेही झुंज लागायच्या आत.

माझ्याबरोबर वनमजूर काशिनाथ होता. कासूपलीकडच्या वाडीतला, आम्ही दोघे जवळजवळ एका वयाचे. पाऊलखुणा पाहण्यात मी त्याचं ऐकायचो, आणि चहा कुठे प्यायचा यातही. आजोबांचं वचन मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मंग आता झाड बगाचं." आम्ही डोंगर धुंडाळला आणि आठवड्याच्या आत झाड सापडलं. ऐनाचं जाडजूड खोड, कमरेच्या वर साल सोललेली, आणि सालीत अडकलेला निळा नायलॉनचा धागा.

बेशुद्ध करणारी बंदूक आमच्याकडे नसते. तिच्यासोबत पशुवैद्य लागतात. बाहेरगावाहून एक डॉक्टर मॅडम आल्या. मूर्ती लहान, बोलणं त्याहून कमी. आल्या आल्या झाड पाहिलं, वारा पाहिला, आणि म्हणाल्या, "मला इथे मचाण नको, त्या दगडामागे जागा द्या." जागा माझ्या मनातल्यापेक्षा बरी होती, म्हणून मी ती माझ्याच मनात होती असं दाखवलं.

सकाळी उन्हं तिरपी असताना तो आला. आधी ऐकू आला. टक, टक, खट. चालताना बुचं एकमेकांवर आपटत होती. मग झाडीतून डोकं बाहेर आलं आणि इतका गंभीर प्रसंग असूनही मला हसू फुटायला आलं. कपाळावर निळं जाळं, दोन्ही गालांवर पांढरी-लाल बुचं, आणि चेहऱ्यावर मात्र मांडवात उशीर झालेल्या नवऱ्याचा भाव. गुडघ्याला बाशिंग बांधलेले मी पुष्कळ पाहिलेत, पण एवढ्या थाटाने डोक्याला बांधलेला हा पहिलाच. त्याने खोडाला शिंगं लावली. मॅडमनी नेम धरला, बंदुकीचा फुस्स आवाज झाला, आणि नेमकं त्याच क्षणी त्याने मान मागे फिरवली. औषधाची सुई खांद्याऐवजी जाळ्यात जाऊन अडकली. तो निघाला तो सुईसकट. सुई पुढे वाटेत गळली, काशिनाथने ती शोधून आणली. पण झाड गेलं ते गेलंच. पुन्हा तो तिथे फिरकला नाही.

मॅडम म्हणाल्या, "नेम बरोबर होता, नवरदेव चुकीचा वळला." त्या दिवसापासून त्याचं नाव नवरदेव.

मार्गशीर्ष लागला आणि माज भरात आला. आजोबांच्या हिशेबाने आता माद्या धरून बसायचं. मी मॅडमना फोन केला. त्यांनी स्पष्ट नकार दिला. "या दिवसांत तो आतून तापलेला असतो. औषध दिलं तर झोपेल, पण उठेल याची खात्री मी देत नाही. माज उतरू द्या. तोवर तो जिवंत राहील एवढं तुम्ही बघा."

एवढं बघा! बोलायला काय जातंय? आजोबांची अख्खी विद्या नराला गाठायची होती. त्याला कोणी गाठू नये, तोही कुणाला गाठू नये, याची विद्या त्यांनी मला दिली नव्हती. मी आणि काशिनाथ पाणवठ्याजवळच्या टेकाडावर बसलो आणि विचार केला. वचन तेच, फक्त उलटं धरायचं. माद्या जिथे, तिथे दुसरा नर येणार. दुसरा नर जिथे, तिथे झुंज. म्हणजे माद्यांच्या कळपावर नजर ठेवायची आणि बुचांचा आवाज जवळ आला की कळपालाच पुढे हाकलायचं.

आणि आम्ही ते केलं. हयातीत पहिल्यांदाच कुणाचं तरी लग्न मोडायला जात होतो, तेही रोज. सकाळ-संध्याकाळ कळपाकडून आपल्याकडे वारा येईल असं बसायचं, कान टवकारून. टक, टक, खट ऐकू आलं की काशिनाथ खोकायचा. त्याचा खोकला विडीचा, डोंगर हादरवणारा. माद्या शेपट्या उभारून पसार. मागून नवरदेव धापा टाकत यायचा आणि मोकळ्या माळावर उभा राहून इकडे तिकडे बघायचा. काशिनाथचा जीव कळवळायचा.

"भाई, पाप लागंल आपल्याला."

"तुला कमी लागेल. तू नुसता खोकतोस."

पण खरं सांगायचं तर आमची फारशी गरजच नव्हती. हे आमच्या लक्षात उशिरा आलं. माद्या त्या बुचांच्या आवाजालाच बिचकत होत्या. तो अर्ध्या डोंगरावर असतानाच त्या उठून चालू लागायच्या. जंगलात चोरपावलांनी येणाऱ्या नवऱ्याचं चालतं, वाजतगाजत येणाऱ्याचं चालत नाही. दुसरा नर एकदा त्याच्यावर चालून आला, मान खाली घातली, आणि बुचं खडखडताच असा मागे फिरला की आम्ही तोंडावर हात दाबून हसलो. ज्या जाळ्याने त्याला मरणाच्या दारात नेलं होतं, तेच त्याची झुंज टाळत होतं. तरीही एकदा संध्याकाळी आवाज एकाएकी थांबला. आम्ही धावत गेलो तर त्याची मागची दोरी करवंदीच्या जाळीत गुंतलेली. तो ओढत होता, तोंडाला फेस आला होता. काशिनाथ पोटावर सरपटत गेला आणि कोयत्याने दोरी तोडली. तो दचकून माझ्या हातभर अंतरावरून गेला. त्याच्या अंगाचा उग्र वास माझ्या सदऱ्यातून दोन धुण्यांतही गेला नाही. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा खात्री वाटली की हा जगेल. कारण त्याला मरायचं नव्हतं, हे मी जवळून पाहिलं.

पौष आला. माज उतरला. नवरदेव खाली दिसू लागला, मान खाली, बरगड्या वर. आता पोट बघायचं. मी वाळलेल्या शेंगा, हिरवे वेल, सगळं काही डोंगराच्या कडेला ठेवून पाहिलं. माद्या येऊन खाऊन गेल्या. तो आला नाही. एकदा सुई चुकलेली, एकदा दोरी अडकलेली. त्याला आता खाण्यापेक्षा भीती मोठी होती. मॅडम दोनदा येऊन परत गेल्या होत्या. माझी निवृत्ती जवळ आली होती. अर्धवट काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधून जावं लागणार, या विचाराने घरात चिडचिड करत होतो.

तेव्हा द्वारकाबाईंनीच विचारलं. शेताच्या बांधावर आम्ही तिघे चहा घेत होतो.

"भाई, माजं एक समजत नाय. त्या दिशी शेतात भात व्हतं, तिकडं त्यानं बगितलं पन नाय. सरल जाल्याकडं का गेला?"

खरंच की. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी समजत होतो की त्याला काहीतरी घासायला हवं होतं. काशिनाथ उठला. कुंपणाचा एक तुकडा अजून खुंटीला लटकत होता. त्याने तो हातात घेतला, आणि सरळ जिभेला लावला.

"भाई, ह्ये खारट हाय."

"खारट असनारच," बाई म्हणाल्या. "मी धुतलंच नाय. धुतलं की मासलीचा वास जातंय नि डुकरं येतात. कोलीन सांगत व्हती, धून घे बाई. मी म्हटलं, वासच तर हवाय."

डोंगरातल्या जनावराला मिठाची भूक असते. त्यासाठी ती खडक चाटतात, माती चाटतात. आणि आम्ही शहाण्यांनी आमच्या डोंगराच्या पायथ्याला खाडीचं मीठ दोऱ्यांत विणून टांगून ठेवलं होतं! तो घासायला आला नव्हता, चाटायला आला होता. पुढचं सगळं माजाने केलं. हे कळल्यावर आम्ही तिघेही बराच वेळ हसत होतो, आणि बाईंना असं मोकळं हसताना मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच पाहिलं.

पेणच्या मिठागरावरून जाडं मीठ आणलं. खुंटी होती तिथेच, मातीत खळगा करून कालवलं. शेजारी वालाचे हिरवे वेल. दोन दिवस तो लांबूनच मान उंचावून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बुचं वाजली. मॅडम पेंढ्याच्या उडवीआड होत्या, मी आणि काशिनाथ त्यांच्यामागे, आणि बाई घराच्या ओट्यावर, तोंडात पदर कोंबून. तो आला, खळग्यात तोंड घातलं, आणि इतका रमला की सुई मांडीत बसली तरी त्याने नुसती कातडी थरथरवली. थोड्या वेळाने गुडघे दुमडले. आम्ही धावलो.

मॅडमनी त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकलं, छातीवर हात ठेवला, आणि मग त्यांचं बोलणं एकदम वाढलं. "हळू. शिंगाला झटका नको. मान वर धरा. पाणी, अंगावर पाणी!" बाई घागर घेऊन धावल्या. जाळ्यात पाला, काटे, करवंदीची डहाळी, सगळं विणलं गेलं होतं. काशिनाथचा कोयता मोठा पडत होता. बाईंनी घरातून कात्री आणली आणि स्वतःच खाली बसल्या. "माजं जालं हाय, मना ठावं त्याची गाठ कुटं," म्हणाल्या, आणि ती गाठ खरंच त्यांना ठाऊक होती. जाळं सुटलं. बुचं मातीवर पडली आणि शेवटचं एकदा खडखडली. मॅडमनी शुद्धीवर आणणारं औषध टोचलं आणि आम्हाला मागे पिटाळलं.

तो पडून होता. मग कान हलला. मग मान. मग तो एकदम उभा राहिला, डोकं झटकलं, आणि थबकला. परत झटकलं. काहीच वाजलं नाही. त्याने आमच्याकडे पाहिलं, दोन पावलं टाकली, आणि जाता जाता बाईंच्या वालाचा एक घास तोडून डोंगराकडे चालू लागला.

माझ्या आजोबांनी आयुष्यात पुष्कळ सांबरं पाडली. पडलेलं सांबर उठताना त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांना ते दाखवता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण उभं राहिलेलं सांबर डोळ्यांसमोर असताना मला दुःख कुठलं सुचतंय! मी काशिनाथला मिठी मारली. तो खोकला.

त्या संध्याकाळी बाईंनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला, आणि उलट्या मडक्याभोवती जाळ. मॅडम उकडत्या शेंगा फुंकर न घालता खात होत्या. काशिनाथ म्हणाला, लग्न मोडलं ते मोडलं, पण जेवण मिळालं. जाळं पंचनामा करून कार्यालयात जमा करावं लागलं. बाईंनी एक बूच मागून घेतलं आणि शेळीच्या गळ्यात बांधलं.

मी निवृत्त झालो. या हिवाळ्यात घरी बसून शेजाऱ्यांच्या मांजरांवर देखरेख करत होतो, तेव्हा फोन वाजला. तोच आवाज, यावेळी बसलेला नव्हता, चांगला खणखणीत.

"भाई, नवरदेव आलता. शेतातला सगला वाल फस्त केला मेल्यानं."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "एकटाच होता?"

"एकटा कसला! सगलं वऱ्हाड घेऊन आलता. पाच बायका नि त्यो. न वाजता आली, जेवली नि गेली. मना सकाली कललं." मग म्हणाल्या, "पैले केस माज्यावर घालनार व्हता ना? आता त्याच्यावर घाला."

मी म्हटलं, आता मी नोकरीत नाही. पण पंचनाम्याला येतो, पोपटी लावून ठेवा.